चूल आणि चाल : पंढरीच्या पायी वारीतील मुक्काम व शिधाव्यवस्थेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

पंढरीच्या वारीवर मराठीत विपुल लेखन झाले आहे. अभंग, भजनपरंपरा, फड, रिंगण आणि वारकरी तत्त्वज्ञान यांचा अभ्यासकांनी तपशीलवार परामर्श घेतला आहे. मात्र हजारो, आणि आता लाखो, माणसे अडीच-तीन आठवडे चालत असताना रोज दोन वेळा जेवतात कशी, हा प्रश्न बहुधा वर्णनाच्या ओघात एखाद्या वाक्यात उरकला जातो. अन्न हा भक्तीच्या मानाने गौण विषय, अशी त्यामागे समजूत असावी. प्रत्यक्षात वारीचे वेळापत्रक, तिचे मुक्काम आणि तिची अंतर्गत रचना यांवर चुलीची सत्ता मोठी आहे. प्रस्तुत निबंधात आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मार्ग मुख्यतः विचारात घेतला असून देहूच्या पालखीचा निर्देश आवश्यक तेथे केला आहे.

विवेचनाची सुरुवात कोल्हापूरच्या शेजारापासून करणे सोयीचे आहे. माउलींच्या पालखीपुढे चालणारे अश्व बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी तालुक्याच्या अंकली गावाहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून येतात. हे अश्व अंकलीहून आळंदीपर्यंत पायीच जातात. सुमारे ३०० कि.मी.चे हे अंतर १०-११ दिवसांत पुरे होते. पुढे आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० कि.मी. अंतर चालण्यास पालखीला ज्येष्ठ वद्य अष्टमीपासून आषाढ शुद्ध दशमीपर्यंत, म्हणजे १७-१८ दिवस लागतात. आषाढी पौर्णिमेचा गोपाळकाला झाल्यावर हीच पालखी परत फिरते, तेव्हा तेच अंतर सुमारे १० दिवसांत कापून ती आषाढ वद्य एकादशीच्या सुमारास आळंदीत असते. पादुका त्याच आणि गावेही बहुतांशी तीच. फरक आहे तो तोंडांच्या संख्येत. परतीच्या वाटेवर मोजकी माणसे असतात आणि त्यांना दोन वेळचे अन्न कोणतेही गाव सहज देऊ शकते. जाताना तसे नसते. भजन, रिंगणे व जागोजागीचे स्वागत यांमुळे जाताना वेळ लागतो हे खरेच. पण तेवढ्याने हा फरक उलगडत नाही. ज्या वेगाने स्वयंपाक होऊ शकतो त्याच वेगाने वारी चालते, असे या तीन प्रवासांच्या तुलनेवरून म्हणावे लागते.

लष्करी तळाचा वारसा

तुकाराम महाराजांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पादुका पालखीत ठेवून वारी नेण्याची प्रथा सुरू केली, असे परंपरा मानते. ज्ञानेश्वर महाराजांची स्वतंत्र पालखी व तिची आजची शिस्त ही मात्र १९ व्या शतकाच्या पूर्वार्धातील हैबतबाबा आरफळकर यांची देणगी आहे. सातारा जिल्ह्यातील आरफळचे हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी होते. त्यांनी आळंदीस राहून हा सोहळा बांधला व त्यासाठी अंकलीच्या शितोळ्यांनी घोडे, तंबू व नैवेद्याची व्यवस्था पुरविली. सोहळ्याच्या परिभाषेत तळ, चोपदार, मानकरी, राहुट्या, कूच असे शब्द ठायी ठायी येतात ते उगाच नव्हे.

शिंद्यांची छावणी कशी चाले याचे वर्णन टी. डी. ब्राउटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ मधील आपल्या पत्रांत केले आहे. ही पत्रे १८१३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. कूच होण्याच्या दिवशी बिनीवाले पुढे जात, नव्या तळाची जागा मुक्रर करून निशाण रोवीत. मग छावणीतील निरनिराळ्या बाजारांची निशाणे आपापल्या जागी लागत आणि मागून येणारा प्रत्येक जण आपले निशाण पाहून आपल्या ठिकाणी जाई. तळ कोठेही पडो, वाण्याचे दुकान कोणत्या बाजूस असेल हे सर्वांस ठाऊक असे. वारीच्या तळावर दिंड्यांचे क्रम आणि जागा ठरलेल्या असतात. दिंडीचे सामान व आचारी पुढे जाऊन राहुट्या ठोकतात आणि मागून येणारा वारकरी काळोखातही आपली पाल शोधून काढतो. ही पद्धत सैनिकी अनुभवातूनच आलेली दिसते.

मराठी लष्कराच्या रसदेचा प्रश्न त्याहून जुना आहे आणि त्याला एक नैतिक बाजूही आहे. शिवाजी महाराजांनी चिपळूण भागातील छावणीच्या अधिकाऱ्यांस १६७३ मध्ये लिहिलेले पत्र सर्वपरिचित आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा-वैरण आताच बेहिशेब संपविला तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग लोक रयतेच्या घरात शिरून धान्य, भाजी, लाकूडफाटा उचलू लागतील आणि रयतेला हे लष्कर मोगलांपेक्षा वाईट वाटेल, असा त्या पत्राचा आशय आहे. जे लागेल ते बाजारातून विकत घ्यावे, अशी त्यात ताकीद आहे. पावसाच्या तोंडावर, म्हणजे गावांची कणगी तळाला गेलेली असताना, मोठ्या जमावाने गावोगाव फिरणे किती नाजूक असते, याची जाण या पत्रात आहे. आषाढी वारी नेमकी त्याच ऋतूत निघते. लष्कर आणि वारी यांच्यातील अंतर येथे स्पष्ट होते. वारकऱ्याजवळ तलवार नाही, तेव्हा त्याला गावाकडून मिळणारे अन्न हे स्वेच्छेचेच असावे लागते. गावाची ही इच्छा दरवर्षी टिकवून धरणे, हा वारीच्या व्यवस्थेपुढील खरा प्रश्न राहिला आहे.

मुक्कामांची निवड

आळंदीहून निघालेली पालखी पुण्यात दोन रात्री राहते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेत, तर तुकाराम महाराजांची नाना पेठेत. या दोन्ही पेठा जुन्या पुण्याच्या घाऊक व भुसार व्यापाराच्या पेठा होत. पुढच्या वाटेचा शिधा भरून घेण्यास याहून सोयीची जागा नव्हती. दोन रात्रींच्या मुक्कामाचे कारण सामान्यतः विश्रांती असे दिले जाते. परंतु पहिल्याच टप्प्यानंतर इतकी विश्रांती कशाला, असा प्रश्न उरतोच. डाळ-तांदूळ, गूळ, तेल, मीठमिरची, पत्रावळी यांची खरेदी आणि सामानाची बांधाबांध यांना दिवस लागतो, हे उत्तर अधिक व्यवहार्य आहे.

पुढचा टप्पा दिवे घाटाचा. पुणे ते सासवड हा साऱ्या वाटेवरील सर्वांत लांबचा, सुमारे ३२ कि.मी.चा पल्ला आणि तो साधारणतः ज्येष्ठ वद्य एकादशीस येतो. सर्वांत दमछाकीचा दिवस उपवासाचा, हा योग प्रथमदर्शनी क्रूर वाटतो. हिशेबाने पाहिले तर त्यात सोय आहे. त्या दिवशी दिंडीला भात-भाकरीचा स्वयंपाक करावा लागत नाही. पुणे, हडपसर भागातील लोक केळी, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, साबुदाण्याची खिचडी वाटेवर हातोहात देतात. हे अन्न चालता चालता खाता येते, त्याला पंगत लागत नाही. त्यामुळे चुली न मांडता घाट चढता येतो. सासवडला पोहोचल्यावर द्वादशीचे पारणे आणि तेथेही दोन रात्री. सोपानदेवांची पालखी येथूनच निघत असल्याने गर्दीत भर पडते. मात्र सासवड ही जुनी बाजारपेठ असल्याने ती भर गावाला पेलते.

जेजुरी, वाल्हे आणि नीरास्नान करून लोणंद असा पुढचा क्रम आहे. पुणे-मिरज लोहमार्ग १८९० पर्यंत पुरा झाला आणि जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद या ओळीने स्थानके झाली. पायवाटेच्या शेजारून धान्य वाहणारी आगगाडी जाऊ लागली, ही वारीच्या इतिहासातील दुर्लक्षित घटना आहे. लोणंद ही पुढे कांद्याची मोठी पेठ बनली. तिथींच्या क्षयवृद्धीनुसार येथे एक किंवा दोन रात्रींचा मुक्काम पडतो. तेथून पालखी सकाळी न निघता दुपारचा नैवेद्य झाल्यावर हलते. तरडगाव जवळ आहे, वाटेत चांदोबाच्या लिंबाजवळ पहिले उभे रिंगण व्हायचे असते, आणि भरल्या पेठेतून जेवून निघणे शहाणपणाचे असते. फलटण हे १९४८ पर्यंत निंबाळकरांच्या संस्थानची राजधानी होते, म्हणजे धान्य, पाणी आणि आश्रयदाता तिन्ही एका ठिकाणी. दोन रात्रींचे मुक्काम नकाशावर मांडले असता ते सर्व बाजारपेठांच्या गावी पडतात. खेड्यात दुसरी रात्र काढणे म्हणजे त्या गावाची पुढच्या महिन्याची बेगमी खाणे, हे ज्यांनी वाट आखली त्यांना पक्के ठाऊक असले पाहिजे.

फलटणपुढे बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी ही गावे पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतात. येथे अन्नापेक्षा पाणी दुर्मिळ. भाटघरचे लॉइड धरण १९२८ मध्ये पुरे झाले आणि नीरा उजव्या कालव्याचे पाणी या भागात फिरू लागले. तत्पूर्वी मोठा जमाव विहिरी व ओढ्यांवर अवलंबून असे. १९ व्या शतकात पंढरपूरचे नाव इंग्रज आरोग्याधिकाऱ्यांच्या लिखाणात पटकीच्या साथींसंबंधी पुन्हा पुन्हा येते, त्याचे मूळ एकाच पाणवठ्यावर पिणे, धुणे व स्नान होण्यात होते. आज हे काम टँकर करतात.

या पट्ट्याने वारीला दिलेले अन्न मात्र निश्चित आहे. हा शाळूचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा प्रदेश. फाल्गुन-चैत्रात निघालेली ज्वारी आणि हरभरा आषाढापर्यंत घरात असतो. भाजीपाला त्या दिवसांत नसतो. म्हणून भाकरी, पिठले, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा. तुकाराम महाराजांच्या मार्गावर यवतच्या ग्रामस्थांचे पिठले-भाकरी प्रसिद्ध आहे. त्याचे कौतुक साधेपणाची खूण म्हणून केले जाते. वस्तुतः आषाढाच्या तोंडाशी हजारो पाहुण्यांना घालण्याजोगे, शिल्लक असलेले आणि नासण्याची भीती नसलेले अन्न तेवढेच असते.

दिंडीची चूल

माउलींच्या रथापुढे परंपरेने २७ दिंड्या चालतात आणि रथामागील दिंड्यांची संख्या वाढत गेली आहे. सोहळ्याला एक मध्यवर्ती भोजनगृह कधीच नव्हते. प्रत्येक दिंडीची चूल वेगळी, कोठी वेगळी आणि हिशेब वेगळा. वारकऱ्याने वाटखर्चासाठी द्यावयाच्या वर्गणीस भिशी म्हणण्याची चाल आहे. कोणी रोख देतो, कोणी धान्य आणतो, कोणी सेवेने फेड करतो. त्यात भर पडते ती पंगतीच्या यजमानांची. अमक्या गावी दुपारचे जेवण अमक्या घराण्याकडे, हे वर्षानुवर्षे ठरलेले असते आणि वडिलांनी दिलेली पंगत मुलगा पुढे चालवितो. त्यामुळे दिंडीप्रमुखाला वाटेवरील किती जेवणे स्वतःच्या कोठीतून काढायची आणि किती यजमानांवर सोडायची, याचा अंदाज आळंदीतच असतो. उरलेल्या शिध्याचे वजन पूर्वी बैल व घोडे वाहत. पुढे ते काम ट्रककडे आले. ट्रकने वारी सोपी केली तशी ती फुगविलीही. पाठीवर वळकटी आणि गाठीला दशम्या बांधून चालणाऱ्या माणसाला जी मर्यादा होती ती राहिली नाही.

पाश्चात्त्य देशांतील दीर्घ पदयात्रेशी तुलना केली असता हा फरक उठून दिसतो. अमेरिकेतील अपालाचियन पायवाट १९२१ मध्ये कल्पिली गेली व १९३७ मध्ये सलग झाली. तिची लांबी ३,५०० कि.मी.हून अधिक आहे. तेथील पदयात्री तीन ते सात दिवसांचे अन्न पाठीवर घेतो, मग वाट सोडून जवळच्या गावात उतरतो, दुकानातून खरेदी करतो किंवा स्वतःच स्वतःच्या नावे पोस्टाने पाठविलेले पार्सल सोडवून घेतो. गाव त्याच्या लेखी दुकान, पोस्ट व बिछाना यांपुरते असते. एकट्याने चालण्याचे ते स्वातंत्र्य खरे. त्यासाठी पैसा व पूर्वतयारी लागते. वारीत हे गणित पन्नास, शंभर, दोनशे माणसांच्या गटासाठी मांडले जाते आणि गटातील निर्धन माणसाचे जेवण इतरांच्या वर्गणीत व यजमानाच्या पंगतीत सामावून जाते.

तक्रारीची सोयही याच व्यवस्थेत आहे. तळावर समाजआरतीसाठी सर्व दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. चोपदाराने चोप उंचावताच टाळ थांबतात. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते. मग चोपदार तिच्यापाशी जाऊन विचारपूस करतो. जागा मिळाली नाही, पाणी आले नाही अशा बाबींचा निवाडा रोजच्या रोज तेथेच होतो. उपाशी माणसाचे गाऱ्हाणे दुसऱ्या दिवसावर टाकता येत नाही, हे ओळखून केलेली ही रचना आहे.

या साऱ्यात भाकरी थापणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख क्वचित होतो. दिंडीत आचारी असले तरी यजमान गावांतील स्वयंपाक बहुतांशी घराघरांत होतो. पहाटेपासून चुलीपुढे बसलेल्या बाईला पालखीचे दर्शन घाईतच होते. वारीच्या अर्थशास्त्रात तिचे श्रम कोठेही जमेस धरलेले नाहीत.

आगगाडी, महामार्ग आणि रिकामी वाट

कोल्हापूरच्या यात्रेकरूला पंढरपूर गाठण्यासाठी चालण्याची गरज बऱ्याच पूर्वी संपली. कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला आणि मिरज-पंढरपूर हा बार्शी लाइटचा अरुंद मार्ग १९२७ मध्ये. तरीही दक्षिण महाराष्ट्रातील वारकरी चालत राहिले. ज्यांना ते शक्य नाही त्यांच्यासाठी करवीर तालुक्यातील नंदवाळ आहे. आषाढीला कोल्हापुरातून तेथे पायी दिंडी जाते, पुईखडीला रिंगण होते आणि संध्याकाळपर्यंत माणूस घरी परततो. तेथे भक्तीला उणे काही नाही. पण शिध्याचा ट्रक नाही, भिशी नाही, ठरलेली पंगतही नाही. एका दिवसाच्या वाटेला उपवासाचा फराळ पुरतो. लांब वारीला जी संस्थात्मक बांधणी लागली ती अंतरामुळे लागली, हे या तुलनेतून कळते.

करोनाच्या साथीमुळे २०२० व २०२१ मध्ये पादुका एस.टी. बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. पालखीमार्गावरील गावांत त्या दोन्ही वर्षी चुली पेटल्या नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये पालखी महामार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. रुंद रस्ता चालणाऱ्याला सोयीचा आहे. मात्र विसाव्याची झाडे, विहिरी आणि गावातून जाणारा जुना रस्ता हेही शिधाव्यवस्थेचेच भाग होते. महामार्ग गावाला वळसा घालून जातो तेथे यजमानाला आपली पंगत गावाबाहेर न्यावी लागते.

पंगत आणि जात

वारीच्या अन्नव्यवस्थेचा सर्वांत अवघड भाग येथे येतो. इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहात आहे. त्याचे इंग्रजी रूप १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच दिंडीत ब्राह्मण व मराठा मंडळी बरोबर चालतात, बरोबर अभंग म्हणतात आणि जेवायला मात्र वेगळी बसतात, हे पाहून त्यांना झालेला क्लेश त्या लेखात आहे. या निरीक्षणाची चर्चा बहुधा वारकऱ्यांच्या मनोवृत्तीच्या अंगाने होते. समतेचा उद्घोष करणारा संप्रदाय आचरणात तोकडा पडला, असा निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा नाही. पण त्यात चुलीची रचना लक्षात घेतलेली नाही. मध्यवर्ती भोजनगृह नसल्यामुळेच वारी एवढी वाढू शकली आणि कोणा एका राजाच्या वा शेठजीच्या मर्जीवर अवलंबून राहिली नाही. त्याच कारणाने प्रत्येक दिंडी ही एक स्वयंपाकघर झाली, आणि स्वयंपाकघर म्हटले की त्या काळच्या समाजात कोणाच्या हातचे खायचे हा प्रश्न आलाच. दिंडी गाव, नाते आणि ओळख यांवर बांधली जात असल्याने तिच्यात जात आपोआप शिरली. ज्या रचनेने वारीला स्वावलंबी केले तिनेच वेगळ्या पंगतीला आसरा दिला.

मुक्कामाच्या अखेरच्या गावीही तेच घडले. पंढरपुरातील मठ व धर्मशाळा फडांच्या आणि समाजांच्या होत्या. अस्पृश्य मानल्या गेलेल्या यात्रेकरूला उतरायला जागा मिळावी म्हणून गाडगे महाराजांना चोखामेळा धर्मशाळा बांधावी लागली. साने गुरुजींच्या मे १९४७ मधील उपोषणानंतर विठ्ठलमंदिराचे दार उघडले. ती लढाई दर्शनाची होती. चुलीचा प्रश्न तिच्यात नव्हता आणि तो कोणत्याही एका उपोषणाने सुटण्याजोगाही नव्हता, कारण मंदिराला दार एक होते आणि चुली शेकडो.

कोल्हापूरच्या वाचकाला येथे गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलाची आठवण होणे स्वाभाविक आहे. राजर्षी शाहू महाराजांनी त्या हॉटेलात जाऊन चहा घेतला, तो प्रसंग कोल्हापूरच्या सामाजिक इतिहासात अनेकदा सांगितला जातो. महाराजांनी कायदेही केले होते. तरी हातचे घेऊन खाण्याची कृती त्यांना वेगळी करावी लागली. वारीच्या वाटेवर अशी कृती रस्त्याच्या कडेला, कोणत्याही नेत्यावाचून घडत आली. दिवे घाटाच्या पायथ्याशी उभा असलेला माणूस पुढे केलेल्या हातावर केळे ठेवतो तेव्हा तो हात कोणाचा हे विचारायला सवड नसते, आणि घेणाराही देणाऱ्याची जात विचारीत नाही. हातोहात वाटल्या जाणाऱ्या अन्नात ही मोकळीक होती. संध्याकाळी तळावर पोहोचल्यावर मात्र तीच माणसे आपापल्या पालीकडे आणि आपापल्या चुलीकडे वळत.